कपाळावरचा नाग आणि मेणाचा साप

पुणे,
१८ नोव्हेंबर

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

मी इजिप्तहून परतलो त्याच दिवशी तुझे पत्र हाती पडले. भातकापणीच्या एका आठवड्यात फुरसे चावलेले चार रुग्ण तुझ्याकडे आले आणि त्यांतल्या बारा वर्षांच्या मुलाचा रक्तस्राव तिसऱ्या रात्री थांबला, हे वाचून मला किती हायसे वाटले ते पत्रात मावणार नाही. त्या तीन रात्री तुझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तरीही पत्राच्या शेवटी तू माझ्या प्रवासाबद्दल विचारलेस. तुझा प्रश्न असा की, प्राचीन इजिप्तच्या ज्या लोकांनी आपल्या राजाच्या कपाळावर नाग बसवला, त्याच लोकांनी मेणाचा साप करून त्यावर थुंकायचे, तो पायाखाली तुडवायचा आणि आगीत टाकायचा, याचा मेळ कसा घालायचा? ही सगळी भीतीपोटी केलेली पूजा असावी, असा तुझा तर्क आहे. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे जरा सविस्तर लिहावे म्हणून आज सकाळपासून बसलो आहे.

आधी त्या देशातले साप डोळ्यांसमोर आण. तिथला नाग आपल्या नागाचा भाऊबंद आहे, पण त्याच्या फणीवर दहाचा आकडा नसतो. दुसरा महत्त्वाचा साप म्हणजे डोळ्यांवर दोन शिंगे असलेला वाळवंटातला विषारी साप. तो वाळूत अंग पुरून फक्त डोळे आणि शिंगे वर ठेवून पडून राहतो, आणि डिवचला की आपल्या फुरशासारखाच वेटोळे वेटोळ्यावर घासून करकर आवाज काढतो. हा आवाज तू ऐकला आहेस, म्हणून मुद्दाम लिहिले. नाईलला दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस पूर येई, आणि आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पुरे होईपर्यंत हा क्रम हजारो वर्षे चालू होता. शेते पाण्याखाली गेली की साप उंचवट्यावर सरकत, आणि माणसांची घरेही उंचवट्यावरच असत. पीक निघाले की कोठारात उंदीर येत आणि उंदरांमागून साप. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला साप अरण्यात जाऊन भेटत नसे. तो त्याच्या अंगणात, कणगीत आणि अंथरुणाशी भेटत असे.

त्या कोठारातल्या नागाची त्यांनी देवी केली. तिचे नाव रेनेनुतेत. ती धान्याची, पिकाची आणि बाळांना पाजणाऱ्या आईची देवता. धान्याचा देव नेप्री हा तिचा मुलगा. थडग्यांच्या भिंतींवर द्राक्षे तुडवण्याच्या कुंडाजवळ तिच्यापुढे नैवेद्य मांडलेला दिसतो. फायूमच्या परिसरात मदिनत मादी येथे तिचे आणि मगरदेव सोबेकचे देऊळ आहे. ते अमेनेमहात तिसरा आणि अमेनेमहात चौथा या बाराव्या राजवंशातील राजांनी, म्हणजे ख्रिस्तपूर्व १८०० च्या सुमारास, बांधले. तिच्या नावाचा महिना कॉप्टिक ख्रिस्ती पंचांगात आजही टिकून आहे. उंदीर खाणारा साप धान्याचा राखणदार ठरतो, हे तुला किंवा मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

राजाच्या कपाळावरची नागीण मात्र वेगळी. ती नाईलच्या मुखाकडील बुतो या नगरीची देवी वाजेत. दक्षिणेची गिधाडरूपी देवी नेखबेत आणि उत्तरेची वाजेत या दोघी मिळून दोन्ही भूमींच्या स्वामिनी, म्हणून तुतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्यावर दोघीही शेजारी शेजारी आहेत. त्या नागिणीला इजिप्शियन भाषेत ‘इआरेत’ म्हणत, म्हणजे ‘उठून उभी राहिलेली’. ती शत्रूवर आग ओकते, अशी समजूत होती. सेनुस्रेत दुसरा या राजाच्या लाहूनच्या पिरॅमिडमध्ये १९२० साली फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननात अशी एक नागीण सापडली. सगळी सोन्याची, डोके गडद निळ्या लाजवर्दाचे, डोळे तांबड्या रत्नाचे, आणि उंची सात सेंटिमीटरही नाही. कैरोच्या संग्रहालयातली ही वस्तू लहान असूनही समोरच्याला जागीच थांबवते, कारण ती पाहणाऱ्याकडे रोखून पाहते. दिनकर, मला वाटते तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या नजरेच्या दिशेत आहे. कपाळावरच्या नागिणीची पाठ राजाकडे असते आणि तोंड बाहेर असते. विष तेच, दात तेच. ते कोणाच्या दिशेला वळले आहेत एवढेच पाहायचे. हाच विचार राजाच्या मुकुटावरून साध्या माणसाच्या झोपण्याच्या खोलीपर्यंत उतरला होता. मातीचे चार नाग करून, त्यांच्या तोंडी आग आहे असे मंत्राने सांगून, खोलीच्या चार कोपऱ्यांत एकेक ठेवावा, म्हणजे रात्री झोपलेल्याला भूतबाधा होत नाही, असा विधी एका मंत्रपाठात दिलेला आहे. अशा मातीच्या नागांच्या मूर्ती उत्खननांत सापडल्याही आहेत.

आता मेणाच्या सापाकडे येतो. त्याचे नाव आपेप. ग्रीकांनी त्याचा अपोफिस केला. सूर्यदेव रा रोज संध्याकाळी नावेत बसून पाताळात उतरतो, रात्रीचे बारा प्रहर (त्यांच्या मोजणीतले बारा तास) तिथून प्रवास करतो आणि पहाटे पूर्वेला उगवतो. आपेप त्या वाटेवर आडवा पडलेला असतो. ‘अमदुआत’ या ग्रंथात या बारा प्रहरांचे चित्ररूप वर्णन आहे, आणि त्याची सर्वांत जुनी पूर्ण प्रत राजांच्या खोऱ्यात थुटमोस तिसरा याच्या थडग्यात आहे. व्हिक्टर लोरे यांनी ते थडगे १८९८ मध्ये शोधले. कड्याच्या खाचेत उंचावर त्याचे तोंड आहे. आधी लोखंडी जिन्याने वर चढायचे आणि मग तितकेच खोल उतरायचे. तळाचा दफनकक्ष लंबगोल आहे. त्याच्या भिंती पिवळसर रंगवून त्यांवर काळ्या-तांबड्या रेषांनी काड्यांसारख्या आकृती काढल्या आहेत, जणू पपायरसची एक प्रचंड गुंडाळी उलगडून राजाभोवती लावून दिली आहे. तिथे मी बराच वेळ सातवा प्रहर पाहत उभा होतो. आपेप वाळूच्या दांड्यावर पसरलेला असतो आणि त्याने नदीचे पाणीच पिऊन टाकलेले असते. नाव चालायला पाणी नाही, म्हणून इसिस देवी आणि एक वृद्ध मांत्रिक देव आपल्या मंत्रबळाने ती पुढे नेतात, विंचवाची देवी सेल्केत आणि तिचा एक साथीदार सापाला दोरांनी आवळतात, आणि त्याच्या अंगात सुऱ्या रोवलेल्या दिसतात. दुसऱ्या एका जुन्या मंत्रात आपेपच्या नजरेनेच नाव थबकते, आणि त्या नजरेला नजर देण्याची ताकद फक्त सेतमध्ये असते. सेत म्हणजे सख्खा भाऊ ओसायरिस याचा खून करणारा, वादळांचा देव. नावेच्या नाळेवर भाला घेऊन तो उभा राहतो. ज्याने घरातच रक्त सांडले त्यालाच दारात पहारा द्यायला उभे करणाऱ्या या लोकांना साधे भित्रे कसे म्हणायचे?

रोजच्या रात्री चाललेले हे युद्ध देवळातल्या पुरोहितालाही लढावे लागे. ब्रिटिश म्युझियममध्ये ब्रेमनर-ऱ्हाइंड या नावाने ओळखला जाणारा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीचा एक पपायरस आहे. त्यात आपेपला पाडण्याचा सबंध विधी लिहिलेला आहे. त्याचा मेणाचा पुतळा करायचा, कोऱ्या पपायरसवर हिरव्या शाईने त्याचे चित्र काढायचे, त्यावर थुंकायचे, डाव्या पायाने तुडवायचे, सुरी मारायची आणि शेवटी आगीत घालायचे. हे कर्नाकच्या अमुन-रा याच्या देवळात दिवसातून अनेकदा करायचे होते, आणि पूर्वेच्या आकाशात वादळ उठले तर तेव्हाही. एवढे सगळे करूनही आपेप मरत नाही, ही यातली कळीची गोष्ट आहे. दुसऱ्या रात्री तो पुन्हा वाटेत असतो. सृष्टी निर्माण होण्याआधीचा जो अंधार आणि गोंधळ, त्याच्यातला तो आहे. सृष्टीच्या आत जे जन्मले तेच मरू शकते, आणि हा त्या अर्थाने आतला नव्हेच. म्हणून त्याचे देऊळ नाही, त्याला नैवेद्य नाही, त्याला कोणी नवस बोलत नाही. त्याच्यासाठी जे लिहिले गेले ते त्याच्याविरुद्ध लिहिले गेले. तुझ्या तर्कावर माझा आक्षेप नेमका इथे आहे. भीतीपोटी पूजा करायची असती तर पहिली पूजा आपेपची झाली असती, कारण त्याच्याइतके भयंकर दुसरे काहीच नव्हते.

आणि त्याच नावेत रा याच्या भोवती वेटोळे घालून बसलेला दुसरा एक साप असतो, मेहेन. देवाचे मखर जणू त्याच्या अंगाचेच. त्याच्या नावाचा एक पटावरचा खेळही होता. पट गुंडाळलेल्या सापाच्या आकाराचा आणि सोंगट्या त्याच्या अंगावरच्या घरांतून सरकवायच्या. सक्कारा येथील हेसी-रा याच्या थडग्याच्या भिंतीवर तो चितारलेला आहे, म्हणजे साडेचार हजार वर्षांहून जुना. बाराव्या प्रहरात तर कमालच होते. सूर्याची नाव आणि तिच्याबरोबरचे सगळे देव एका अजस्र सापाच्या शेपटीतून आत शिरतात, त्याच्या अंगातून चालत जातात आणि तोंडातून बाहेर पडतात. शिरताना ते जराजर्जर असतात आणि निघतात ते बालक होऊन. साप कात टाकतो हे आपण लहानपणापासून पाहिले आहे, बांधावर वाऱ्याने हलणारी ती पांढरी जाळीदार कात आपण दोघांनी कितीदा काठीने उचलली आहे. पण त्या कातीच्या आतून माणसाने चालत जावे आणि नवे होऊन बाहेर यावे, ही कल्पना त्या भिंतीसमोर उभे राहीपर्यंत माझ्या मनाला कधी शिवली नव्हती.

तू वैद्य आहेस, म्हणून तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये सर्पदंशावरचा एक इजिप्शियन पपायरस आहे. सर्ज सोनरों यांनी त्याचे संपादन केले आणि ते त्यांच्या निधनानंतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात नष्ट झाली आहे, पण उरलेल्या पहिल्या भागातही वीसहून अधिक सापांची एकेक करून नोंद आहे. साप दिसतो कसा, दंशाची खूण कशी पडते, सूज येते का, रक्त वाहते का, रुग्ण वाचेल की नाही, आणि तो साप कोणत्या देवाचा. दुसऱ्या भागात उपचार आहेत आणि त्यांत कांद्याचा वापर वारंवार येतो. सेल्केत देवीच्या ज्या पुरोहितांकडे सापा-विंचवाचे रुग्ण येत, त्यांच्यासाठी हा ग्रंथ होता. कांद्याने विष उतरत नाही हे तू मला सांगशील, आणि ते खरेच आहे. पण प्रत्येक सापापुढे ‘वाचवता येईल’ किंवा ‘वाचणार नाही’ असे लिहून ठेवणाऱ्याने किती रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या असतील, याचा विचार तुझ्याइतका दुसरा कोण करू शकेल? सापाचा देव कोणता ही नोंद आणि सूज किती ही नोंद एकाच ओळीत येते, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

विषाची लक्षणे त्यांच्या पुराणकथेतही किती बारकाईने उतरली आहेत ते पाहा. रा म्हातारा झाला होता, त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. इसिसने ती लाळ मातीत कालवून तिचा साप केला आणि रा रोज जायचा त्या वाटेवर ठेवला. साप चावला, आणि ज्याने सगळे घडवले त्याला आपल्याला काय चावले हेच कळेना, कारण तो साप त्याने घडवलेला नव्हता. त्याचा जबडा थरथरू लागला, अंग कापू लागले, डोळ्यांना दिसेनासे झाले; तो म्हणाला की हे पाण्याहून गार आहे आणि अग्नीहून कढत आहे. इसिसने विष उतरवण्याची किंमत म्हणून त्याचे गुप्त नाव मागितले. त्याने आधी इतर अनेक नावे सांगितली, पण विष उतरेना, तेव्हा खरे नाव द्यावे लागले. ही कथा एकोणिसाव्या राजवंशाच्या काळातील, इटलीतल्या तुरीनमध्ये असलेल्या एका पपायरसवर आहे, आणि ती विष उतरवण्याच्या मंत्राचाच भाग आहे. म्हणजे रुग्णाच्या उशाशी ती म्हटली जायची. देवालाही हे झाले होते आणि तो त्यातून उठला, एवढा धीर त्या माणसाला मिळत असणार. मेटरनिख शिलापट्ट म्हणून ओळखला जाणारा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला एक काळा दगडही याच कामाचा. त्यावर इसिसचा मुलगा, बाल होरस, मगरींवर उभा आहे आणि हातांत साप धरून आहे. अशा शिळांवर पाणी ओतायचे, मंत्रांवरून वाहिलेले ते पाणी गोळा करायचे आणि रुग्णाला पाजायचे, अशी रीत होती. इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याने १८२८ मध्ये ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटरनिख याला तो भेट दिला. आज तो न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

क्लिओपात्राच्या सापाविषयीही तू विचारले होतेस. तिची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. त्याऐवजी ज्या देवीने मला खरोखर धरून ठेवले तिच्याविषयी लिहितो.

लक्सरच्या पश्चिम तीरावर, राजांच्या खोऱ्याच्या डोक्यावर एक टोकदार डोंगर आहे. अरबीत त्याला ‘अल-कुर्न’ म्हणजे शिंग म्हणतात. कोणी न बांधलेला, आपोआप झालेला तो पिरॅमिडच आहे. त्याच्या पायथ्याशी देर अल-मदिना येथे राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर राहत. त्या शिखरालाच ते नागदेवता मानत, आणि तिचे नाव मेरेतसेगेर, म्हणजे ‘जिला शांतता प्रिय आहे ती’. त्या डोंगरावर भर दुपारी उभे राहिल्यावर हे नाव कोणी आणि का दिले असेल ते कळते. तिथे पाखरूसुद्धा बोलत नाही, आणि दगडाच्या सावलीत काय पहुडले असेल ते सांगता येत नाही. कारागिरांच्या वस्तीपासून राण्यांच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर खडकात कोरलेली तिची आणि प्ताह देवाची छोटी देवळे आहेत. मी सकाळी लवकर निघालो होतो, तरी तिथे पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. माणूस वाकून आत जाईल एवढ्याच त्या खोपी, आणि शिळांवरची अक्षरे वाऱ्याने झिजलेली.

याच वस्तीतल्या नेफेराबू नावाच्या कारागिराने तिला अर्पण केलेली एक शिळा तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहे. त्यावर त्याने आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे. मी अडाणी होतो, भले-बुरे मला कळत नव्हते, मी शिखराचा अपराध केला आणि तिने मला शिक्षा केली, असे तो लिहितो. रात्रंदिवस मी तिच्या हाती होतो. आपल्याकडच्या बायका बाळंत होताना विटांवर बसतात तसा मी बसलो होतो, वाऱ्याला हाका मारत होतो आणि वारा माझ्याकडे येत नव्हता. दिनकर, हे वाचताना मला तुझ्या वॉर्डातले रुग्ण आठवले. श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसाचे याहून नेमके वर्णन मी क्वचितच वाचले आहे. त्याला साप चावला होता असे तो कुठेही म्हणत नाही. पुढे तो आपल्या सहकाऱ्यांना बजावतो की शिखराला जपून असा, तिच्यात सिंह आहे, ती सिंहासारखी झडप घालते. आणि मग, मी तिला हाक मारली तेव्हा ती गोड वाऱ्याची झुळूक होऊन माझ्याकडे आली, माझा अपराध विसरली. ज्या वाऱ्याला तो आधी हाका मारत होता, तोच वारा होऊन ती परत येते. ही शिळा साडेतीन हजार वर्षांच्या अलीकडची आहे, पण तिच्यावरच्या माणसाला मी ओळखतो. आपला अपराध दगडावर कोरून चारचौघांत उभा करणे आणि त्याच दगडावर क्षमाही कोरणे, यात भीती आहे, मी नाकारत नाही. पण भीतीवर जे उभे राहिले आहे त्याला भीती म्हणून चालणार नाही.

त्याच वस्तीत, इनहेरखाऊ नावाच्या मुकादमाच्या थडग्यात, एक मांजर एका झाडाखाली सापाचे डोके पंजाने दाबून सुरी चालवते आहे. ते मांजर म्हणजे स्वतः रा, आणि साप तोच, आपेप. चित्रकाराने मांजराला सशासारखे लांब कान दिले आहेत. एकच कारागीर सकाळी मेरेतसेगेरला पाणी वाहून आला असेल आणि दुपारी हे चित्र रंगवायला बसला असेल. दोन्हींत त्याचा हात थरथरला असेल असे मला वाटत नाही. कोणता साप कोणत्या बाजूला तोंड करून आहे हे त्याला स्पष्ट ठाऊक होते.

शेवटी एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि तिच्यामुळे माझ्या या उत्तरालाही तडा जातो, म्हणून ती लपवणार नाही. मृताबरोबर थडग्यात ठेवायच्या मंत्रांचा जो संग्रह, त्या ‘मृतांच्या ग्रंथा’तल्या १७५ व्या मंत्रात आतूम, ज्याने आरंभी सगळे निर्माण केले तोच, ओसायरिसला सांगतो की एक दिवस मी निर्माण केलेले सगळे मीच मोडून टाकीन आणि ही भूमी पुन्हा आरंभीच्या जलात मिसळून जाईल. त्यानंतर मी आणि तू एवढेच उरू, आणि मी सापाचे रूप घेईन, जे माणसांना माहीत नाही आणि देवांना दिसत नाही. म्हणजे सृष्टीबाहेरचा तो अंधार आणि सृष्टी करणारा देव, दोघांचेही अंतिम रूप सापाचेच. बाजूला वळायला जिथे आत-बाहेरच उरत नाही, तिथे तोंड कोणत्या दिशेला आहे हे कोण सांगणार? या ओळीपाशी मी दोन दिवस अडून बसलो आहे. तुला काही सुचले तर लिही.

चित्रलिपीत शिंगवाला साप हे ‘फ’ या ध्वनीचे अक्षर आहे, आणि ‘त्याचा’, ‘त्याला’ असे म्हणायचे झाले की हेच अक्षर शब्दाच्या शेवटी येते. त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक ओळीत भेटते. मृताच्या इतक्या जवळ लिहिलेला साप जिवंत होऊन त्याला डसू नये म्हणून ‘मध्य राज्य’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालखंडाच्या उत्तरार्धातील काही शवपेट्यांवर लेखकांनी ते अक्षर मान तोडून काढले आहे. अक्षर वाचता येते, पण साप चावू शकत नाही. सोबतच्या कागदावर दोन्ही रूपे काढून पाठवत आहे, वर अख्खे आणि खाली मान तोडलेले. त्या मुलाला घरी सोडलेस की कळव, आणि त्याला चालेल असे वाटले तर खालचे चित्र त्याला दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव